छत्तीस वर्षांच्या संसारानंतर वेगळं होताना पेन्शन आणि घरात माझं काय?

सुईदोरा (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. माझं वय ५९. लग्न १९८९ चं. हे राज्य सरकारच्या नोकरीतून २०१९ ला निवृत्त झाले. दोन्ही मुलांची लग्नं झाली आहेत. गेली तीन वर्षं हे मखमलाबादला भावाकडे राहतात, मी इथे फ्लॅटवर. कशावरून बिनसलं ते लिहीत नाही, मुलं वाचतील. पुन्हा एका छताखाली राहणं होणार नाही, एवढं दोघांनाही कळलं आहे.

गेल्या रविवारी यांनी सहमतीच्या घटस्फोटाचा टाईप केलेला मसुदा पाठवला. मला एकरकमी १२ लाख, फ्लॅट सहा महिन्यांत रिकामा करून द्यायचा, आणि पुढे पोटगी, पेन्शन, घर कशावरच हक्क सांगायचा नाही. यांचं म्हणणं, पेन्शन माझ्या नोकरीची, घर माझ्या नावावरचं, तरी मी बारा लाख देतोय.

घराचं सांगते. १९९८ ला ३ लाख ४० हजारांना घेतलं. कर्ज २ लाख २० हजारांचं, हप्ता २,९३० रुपये, पंधरा वर्षं. मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. तेव्हा साध्या ब्लाऊजला पंचवीस रुपये मिळायचे. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मी यांच्या हातात पैसे ठेवायचे, कधी आठशे, दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या महिन्यात दीड हजारसुद्धा. लाल पुठ्ठ्याची वही आहे माझ्याकडे. गिऱ्हाइकाचं माप डाव्या पानावर, पैसे उजव्या पानावर, आणि महिन्याच्या खाली 'हप्त्याला दिले' असं लिहून आकडा. काही पानांवर खडूची निळी भुकटी अजून तशीच आहे. परवा रात्री बसून सगळी बेरीज केली. १,७४,६०० रुपये. म्हणजे सगळ्या हप्त्यांचा एक तृतीयांश. पण करारनाम्यावर नाव एकट्या यांचं. तेव्हा 'तुझं नाव घालायचं का' असं कोणी विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

पेन्शनचे कागद करताना मात्र मला नेलं होतं. जोडीचा फोटो लागतो ना. आदल्या रात्री शिवलेला नवा ब्लाऊज घालून गेले होते. माझ्या सहीचे नमुने घेतले. तो फोटो त्या कागदांवर आजही आहे. मग पेन्शनमध्ये माझं काहीच कसं नाही?

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. ती म्हणते तिकडे घटस्फोटात कोर्ट पेन्शनचीसुद्धा वाटणी करून देतं. आपल्याकडे असं आहे का? आणि फ्लॅटवर माझा हक्क लागतो का? वकिलाकडे जाण्याआधी मला समजून घ्यायचं आहे, कारण मला नीट विचारता आलं नाही तर मला काहीही सांगितलं जाईल.

निवृत्त लेखापाल (नाशिकरोड)

ताई, सही करू नका. सगळं वाचून होईपर्यंत तरी नक्कीच नाही.

माझी उभी नोकरी पेन्शन केसेस तयार करण्यात गेली. तुमच्या भाचीचं बरोबर आहे. इंग्लंडमध्ये डिसेंबर २००० पासून कोर्ट पेन्शनचा हिस्सा थेट दुसऱ्या जोडीदाराच्या नावे करून देऊ शकतं. आपल्याकडे तसा कायदा नाही. कोणतंही न्यायालय पेन्शनचे दोन भाग करून एक तुमच्या खात्यावर कायमचा लावून देत नाही. पेन्शन हे त्यांचं उत्पन्न धरलं जातं आणि त्या उत्पन्नावरून तुमची पोटगी ठरते.

आता फोटोचं. तो जोडीचा फोटो असतो फॅमिली पेन्शनसाठी. पेन्शनर गेला की पत्नीला शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, अधिक महागाई भत्ता. समजा त्यांचं शेवटचं मूळ वेतन ५२,००० असेल, तर तुमची फॅमिली पेन्शन १५,६०० आणि त्यावर भत्ता, तुम्ही आहात तोवर. ही मिळते पत्नीला. घटस्फोटाचा हुकूम झाला त्या दिवशी तुम्ही पत्नी राहत नाही, आणि तो फोटो निव्वळ फोटो उरतो. पोटगीसुद्धा त्यांच्या हयातीपुरतीच धरून चाला. म्हणजे उद्या ते गेले तर पोटगीही थांबली आणि फॅमिली पेन्शनही नाही. तुम्ही त्यांच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असाल. बायका जास्त जगतात. हा धोका तुमच्या पदरात पडतोय आणि मसुद्यात त्याचा एका ओळीनेही विचार दिसत नाही.

वेगळं राहायला घटस्फोटच लागतो असं नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ च्या कलम १८ खाली योग्य कारण असेल तर पत्नी वेगळं राहून निर्वाह मागू शकते. न्यायिक विभक्तीही असते. दोन्हीत लग्न कायद्याने उभं राहतं. त्यांना दुसरं लग्न करायचं नसेल तर घटस्फोटाची घाई का, हे एकदा शांतपणे विचारा.

आणखी एक. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विकल्याची (म्हणजे पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घेतल्याची) रक्कम एकदम हातात आली असेल. २०१९ ची ती रक्कम कुठे गेली, हे तुम्हाला माहीत आहे का?

गोदाकाठ

माझं मत वेगळं आहे. बारा लाख घ्या आणि मोकळ्या व्हा. कोर्टात वर्षं जातात, साठीत तारखांना कुठे जायचं? माझ्या आत्याची अशीच सात वर्षं गेली, शेवटी तब्येत गेली. मनःशांतीची किंमत पैशात होत नाही.

निवृत्त लेखापाल (नाशिकरोड)

आत्याबाईंचं वाईट वाटलं. तारखांचा त्रास खरा आहे, मी नाकारत नाही. पण हिशेब करा. ताईंना साठ पूर्ण झाल्यावर बारा लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ९८,४०० येतील, महिन्याला ८,२००. त्यात इंदिरानगरला भाड्याची खोली, औषधं आणि गॅस बसवून दाखवा. आणि व्याज खाल्लं तर मुद्दल वाढत नाही, महागाई मात्र वाढते.

पंचवटीची (घटस्फोट २०१८)

ताई, मी यातून गेले आहे म्हणून लिहिते. २७ वर्षांचा संसार होता. सहमतीनेच झालं. अटींमध्ये लिहिलं होतं की राहता फ्लॅट 'यथावकाश' माझ्या नावावर करतील. मला वाटलं, न्यायालयासमोर लिहून दिलंय, झालं. हुकूम झाला आणि मग बक्षीसपत्र करायला गेलो. तिथे कळलं की पती-पत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये असतं, शहरातला स्थानिक अधिभार वेगळा. पण आम्ही तोवर पती-पत्नी नव्हतो. पूर्ण शुल्क लागलं, दोन लाखांच्या वर. ते म्हणाले मी भरणार नाही. मी माझ्या पाटल्या मोडून भरलं. त्या माझ्या आईच्या होत्या.

म्हणून सांगते, घर मिळणार असेल तर बक्षीसपत्र हुकमाच्या आधी, नोंदणीसकट. 'यथावकाश' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. त्यांना भीती वाटेल की घर दिल्यावर तुम्ही सहमती मागे घ्याल. तर पहिला अर्ज दाखल झाल्यावर आणि दुसऱ्या, म्हणजे शेवटची संमती द्यायच्या तारखेच्या आधी ते करायचं, तसं अटींत तारखेनिशी लिहायचं. नंतर इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) स्वतःच्या हाताने घ्या, सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवून घ्या, घरपट्टी आणि वीजबिलावरही.

तुमची लाल वही वाचून मला खूप वेळ काही सुचेना. माझ्याकडे तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. ती जपा. प्रत्येक पानाचा फोटो काढून मुलीकडे पाठवून ठेवा.

वकील, जिल्हा न्यायालय

थोडक्यात कायद्याची बाजू सांगतो.

फ्लॅट: आपल्याकडे लग्नानंतर घेतलेली मालमत्ता आपोआप दोघांची होत नाही. ती ज्याच्या नावावर, त्याची. गोव्यात वेगळं आहे. २०१० च्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकात पत्नीला हिस्सा द्यायचं होतं. राज्यसभेने ते ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूरही केलं, पण २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये गृहिणीच्या कष्टांनाही मालमत्तेतलं योगदान धरून समान हिस्सा दिला. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण युक्तिवादात वापरता येतो. तुमच्याकडे तर हप्त्यांचा लेखी हिशेब आहे. मालकी सिद्ध करणं अवघड जाईल, पण तडजोडीत आणि पोटगीच्या रकमेत या वहीला वजन आहे. आणि राहतं घर रिकामं करण्याची घाई मुळीच नको. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण कायदा २००५ पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो, घर कोणाच्याही नावावर असो.

पोटगी: सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी पतीच्या निव्वळ उत्पन्नाच्या २५ टक्क्यांचा अंदाज मानला आहे. तो पक्का नियम नव्हे. वय, आजारपण, किती वर्षांचा संसार, स्वतःचं घर आहे की नाही, सगळं बघतात. मासिक घेतलीत तर वाढीची अट लिहून घ्या. मे २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ दिली, शिवाय घर. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली पोटगीचा बोजा त्यांच्या स्थावर मालमत्तेवर चढवता येतो.

'पेन्शन जप्त होत नाही' असं तुम्हाला ऐकवलं जाईल. १८७१ च्या पेन्शन कायद्यात तसं संरक्षण आहे खरं, पण ते सावकारांपासून आहे. पत्नीच्या थकलेल्या पोटगीसाठी पेन्शनमधून वसुली होऊ शकते, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये म्हटलं आहे.

२०१९ च्या रकमेबद्दल: पोटगीचा अर्ज केला की दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ते सक्तीचं केलं. ग्रॅच्युइटी, ठेवी, जमीन सगळं त्यात येतं. सहमतीच्या मसुद्यावर थेट सही केली तर ही माहिती मागायची जागाच उरत नाही.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

सुईदोरा (इंदिरानगर, नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले.

गोदाकाठ, तुमचं वाचून मीही दोन रात्री तसाच विचार केला. आत्याबाईंसारखं होण्याची भीती मलाही वाटते. पण महिन्याला ८,२०० हा आकडा वाचला आणि ठरवलं.

सीबीएसजवळ न्यायालयात जाऊन विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केला. सून बरोबर आली होती. तिथल्या वकीलबाईंनी वही पान पान करून पाहिली. २००३ च्या पावसाळ्यातल्या एका पानावर 'मशीन बंद, हप्त्याला ३०० च' असं लिहिलंय, तिथे त्या थांबल्या आणि म्हणाल्या, हे कोणी मुद्दाम बनवू शकत नाही.

यांना मी निरोप पाठवला की या मसुद्यावर सही होणार नाही. माझं म्हणणं दोन वाक्यांत लिहून दिलं आहे. घटस्फोट हवा असेल तर फ्लॅट हुकमाच्या आधी बक्षीसपत्राने माझ्या नावावर, वर मासिक पोटगी वाढीसकट. फ्लॅट द्यायचा नसेल तर घटस्फोट नको, वेगळं राहू, पोटगी द्यावी आणि त्या कागदावरचा माझा फोटो आहे तिथेच राहू द्यावा. पेन्शन विकलेल्या पैशातला काही भाग दिरांच्या नावाने घेतलेल्या प्लॉटमध्ये गेला, असं मुलाने आता सांगितलं. त्याला २०१९ पासून माहीत होतं. त्याच्यावर चिडले नाही, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

काल यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. 'घराचं बसून बोलू' म्हणाले. येत्या रविवारी सकाळी मुलाकडे बसणार आहोत. लेखापाल काका, पी.पी.ओ.ची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत माझ्याकडे नाही, ती मला स्वतः अर्ज करून मिळेल का की यांनाच मागावी लागेल? एवढं रविवारच्या आत सांगितलंत तर बरं होईल.