बालवाडी निवडताना पाहायचे काय : पाटीवरची पद्धत की वर्गातल्या ताई?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

माझी मुलगी लवकरच तीन वर्षांची होईल. गेला दीड महिना आम्ही दोघे तिच्यासाठी बालवाडी शोधत आहोत आणि आतापर्यंत पाच ठिकाणे पाहून झाली आहेत. सुरुवातीला मी मोठ्या हौसेने एक तक्ता केला होता. शिक्षणपद्धती, वर्गातील मुलांची संख्या, मैदान, कॅमेरे, पालकांसाठीचे ॲप, वर्षअखेरीस मूल काय काय शिकलेले असेल त्याची यादी, असे त्यात चौदा रकाने होते. चौथ्या शाळेत तो तक्ता मी घडी घालून पिशवीत टाकला. तिथे काय पाहिले ते सांगते, म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल.

मुख्याध्यापिका मला खेळण्यांची खोली दाखवत होत्या. दाराशी एक मुलगा बाहेर खेळायला जाण्यासाठी सँडलचे बक्कल लावत बसला होता. पट्टा बक्कलमधून जात होता, पण काटा भोकात बसत नव्हता आणि हात जरा सैल पडला की पट्टा पुन्हा सुटत होता. बाकीची मुले दुसऱ्या ताईंबरोबर बाहेर गेली होती. या ताई मात्र त्याच्याशेजारी फरशीवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पाचव्या की सहाव्या खेपेस त्याने वर पाहिले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “पट्टा अजून थोडा ओढून बघ.” बक्कल लागले. तो मागे वळूनही न पाहता पळाला आणि ताईही टाळ्या वगैरे न वाजवता उठून त्याच्यामागे गेल्या. मुख्याध्यापिका त्या वेळी मला नव्याने रंगवलेल्या भिंतीविषयी सांगत होत्या. त्यांचे तिकडे लक्षही नव्हते.

त्या चार मिनिटांनंतर माझे मत असे झाले आहे की, पाटीवर कोणत्या पद्धतीचे नाव आहे याला आपण पालक अवास्तव महत्त्व देतो. मुलाजवळ दिवसभर कोण असते, त्या व्यक्तीच्या वाट्याला किती मुले येतात, ती तिथे किती वर्षे टिकली आहे आणि जाण्यायेण्यातच मूल दमून जाणार नाही इतकी शाळा जवळ आहे का, एवढे पाहिले की निवड झाली. मॉंटेसरी, खेळाधारित, अमुकतमुक हे सगळे माहितीपत्रकापुरते. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी जरूर खोडून काढावे, कारण प्रवेशअर्ज अजून भरलेला नाही.

शंकेखोर

खोडून काढतो. प्रसंग आपण छान टिपला आहे, पण एका बक्कलवरून शाळा ठरवणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा झाली आणि वर्गात रोज वेगळा भात शिजत असतो. शिक्षक मुलांशी कसे वागतात-बोलतात हे मोजण्यासाठी व्हर्जिनिया विद्यापीठात तयार झालेली ‘क्लास’ नावाची निरीक्षणपद्धती वापरली जाते. तिच्यात प्रशिक्षण घेतलेला निरीक्षकसुद्धा वीस मिनिटे पाहणे आणि दहा मिनिटे गुण देणे अशा सहसा चार फेऱ्या करतो. आपण चार मिनिटे पाहिलीत, तीही शाळेत पाहुणे आलेले असताना.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हात मांडीवर ठेवून बसणे त्या ताईंना कुठून आले? मोठ्या माणसाचा सहजधर्म झटकन वाकून बक्कल लावून देण्याचा आहे. तो आवरायला शिकावे लागते. मारिया मॉंटेसरी या डॉक्टर बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत आपली पहिली बालशाळा सुरू केली. त्यांच्या साधनांमध्ये लाकडी चौकटीवर ताणलेले कापड आणि त्यावर बटणे, नाड्या, बक्कल असा एक संचच आहे. मूल ते हाताळत असताना मध्ये पडायचे नाही, हे शिक्षिकेच्या प्रशिक्षणातच असते. त्या ताई तिथेच शिकल्या असे मी म्हणत नाही, पण आपल्याला जे आवडले त्याला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे आणि आपण तिलाच माहितीपत्रकातली सजावट म्हणत आहात.

पुरावाही आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात मॉंटेसरी शाळेत सोडतीने प्रवेश मिळालेल्या आणि सोडतीत नाव न लागलेल्या अशा एकूण १४१ मुलांचा तीन ते सहा या वयात मागोवा घेतला गेला आणि तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला दोन्ही गट सारखेच होते, पण पुढे मॉंटेसरी वर्गांतील मुले अभ्यासात आणि इतरांच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्यात सरस ठरली. ताई सोडून जातात, बाळंतपणाच्या रजेवर जातात, आजारी पडतात. पद्धत मागे उरते.

ओळीतलेअक्षर

माझा विरोध आपणा दोघांनाही आहे. थोरल्या मुलाला आम्ही अशाच एका खेळाच्या शाळेत घातले होते. तिथे तो अत्यंत आनंदी होता, ताईही प्रेमळ होत्या. पहिलीत गेला तेव्हा वर्गातील अर्धी मुले वाक्ये वाचत होती आणि याला स्वतःचे नावही नीट लिहिता येत नव्हते. पुढचे सहा महिने वही उघडली की त्याचे डोळे भरायचे आणि माझा आवाज चढायचा. त्या रात्रींची मला अजून लाज वाटते. धाकटीला म्हणून अक्षरे आणि अंक शिकवणाऱ्या शाळेत घातले. ती तिथे मजेत आहे आणि रोज गिरवलेला कागद मिरवत घरी आणते. मूल पुढे ज्या शाळेत जाणार, तिथे पहिल्या दिवशी काय अपेक्षित आहे हे पाहून बालवाडी निवडावी. बक्कल काय, आज ना उद्या सगळ्यांनाच लावता येते.

माजी ताई

मी १९ वर्षे तीन ते पाच वयाच्या मुलांचा वर्ग सांभाळला आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

ओळीतलेअक्षर, आपल्या मुलाची जी ओढाताण झाली त्यात त्याच्या बालवाडीइतकीच त्याच्या पहिलीच्या वर्गाचीही चूक होती, असे मला वाटते. तरी पुढच्या शाळेत आधीच चौकशी करावी हा आपला सल्ला व्यवहाराला धरून आहे आणि तो सहसा कोणी देत नाही. फक्त लिहिण्याची तयारी कागदावर सुरू होते हा समज सोडावा. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात आणि बोटांत अजून पुरेशी ताकद आणि नेमकेपणा आलेला नसतो. माती मळणे, कात्रीने कापणे, मणी ओवणे, ओले फडके पिळणे आणि हो, बक्कल लावणे, यांतून ती बोटे तयार होतात. माझ्या वर्गात घाईघाईने गिरवायला लावलेली मुले पेन्सिल मुठीत आवळून धरायची आणि ती पकड पुढे सोडवणे हे मुळात शिकवण्यापेक्षा अवघड जायचे.

शंकेखोर, मॉंटेसरी हे नाव कोणाच्या मालकीचे नाही. कोणीही पाटीवर लिहू शकतो आणि लिहितोही. आपण ज्या अभ्यासाचा दाखला दिलात, तो करणाऱ्या संशोधिकेनेच २०१२ साली काटेकोर मॉंटेसरी वर्ग, भेसळीचे मॉंटेसरी वर्ग आणि नेहमीचे वर्ग यांची तुलना केली होती. मुलांची प्रगती सर्वांत अधिक दिसली ती काटेकोर वर्गांत. म्हणजे आपला पुरावा खरा आहे, पण तो पाटीला लागू होत नाही, आत काय चालते त्याला लागू होतो. ते पाहायला शेवटी वर्गातच बसावे लागते, त्यामुळे धागाकर्तीपासून आपण वाटता तेवढे लांब नाही आहात.

आता धागाकर्तींसाठी. मुलांच्या संख्येबाबत विचारताना शब्द जपून वापरावेत. लहान मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील राष्ट्रीय संघटनेच्या निकषांनुसार अडीच ते पाच वर्षांच्या गटात जास्तीत जास्त २० मुले आणि दर दहांमागे एक शिक्षिका असावी. अनेक शाळा हे प्रमाण सांगतातही, पण त्यात कार्यालयातील बाई आणि संगीताला आठवड्यातून एकदा येणारे सरही मोजलेले असतात. सकाळी साडेदहाला या खोलीत किती मोठी माणसे असतात, असे विचारावे.

आणि सगळ्यात आधी स्वच्छतागृह पाहावे. तिथल्या वासापेक्षा मला तिथले बोलणे महत्त्वाचे वाटते. चड्डी ओली झालेल्या मुलाशी मोठे माणूस काय बोलते, कोणत्या आवाजात बोलते आणि इतर मुलांदेखत बोलते का, यावरून मी कोणत्याही शाळेविषयी मत बनवीन. रंगवलेल्या भिंतीसमोर सगळेच गोड बोलतात. तसेच, मूल सोडताना रडले तर आपण काय करता, हा प्रश्न विचारावा. “दोन दिवसांत गप्प होतात” असे उत्तर आले तर सावध व्हावे, कारण गप्प होणे आणि रुळणे यांत फरक आहे. पहिल्या आठवड्यात आईवडिलांपैकी एकाला वर्गात बसू देतात का, हेही त्याच ओघात विचारून घ्यावे.

शिक्षिका का टिकत नाहीत, हे मात्र कोणतीच शाळा सांगणार नाही. मी सांगते : पगार. मी स्वतः दोन शाळा त्यासाठीच सोडल्या आणि दोन्ही वेळा मुलांना नीट निरोपही देता आला नाही.

उंबरठा

मुळात तीन वर्षांच्या मुलाला शाळेत घालायलाच हवे, हे कोणी ठरवले? अमेरिकेत १९९१ साली सुरू झालेल्या आणि हजाराहून अधिक मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या सरकारी अभ्यासात असे दिसले की, चांगल्या दर्जाच्या केंद्रांचा मुलांच्या भाषेला काहीसा फायदा होतो, पण घरातील वातावरणाचा संबंध त्याहून मोठा असतो आणि केंद्रातील तास फार वाढले तर वर्तनाच्या तक्रारीही थोड्या वाढतात. टेनेसी राज्यातील, कमी उत्पन्न गटातील सुमारे तीन हजार मुलांच्या अभ्यासात, तर सोडतीने बालवर्गात प्रवेश मिळालेली मुले सहावीपर्यंत इतरांच्या मागे पडलेली आढळली. हा निष्कर्ष २०२२ सालचा आहे. आपण सारे कोणती शाळा यावर वाद घालत आहात आणि किती तास हा प्रश्न कोणी काढतच नाही.

ओळीतलेअक्षर

उंबरठा, ज्या घरात दोघेही नोकरी करतात आणि मागे सांभाळायला कोणी नाही, त्या घरात ‘मुळात कशाला’ हा प्रश्न विचारण्याची चैन परवडत नाही. शिवाय आपण अर्धेच सांगितलेत. मिशिगनमधील पेरी बालशाळेचा १२३ मुलांवरील जुना प्रयोग १९६२ साली सुरू झाला आणि त्या मुलांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला गेला. तिथे शाळेत गेलेल्यांचे शिक्षण, कमाई, कायद्याशी आलेला संबंध, सगळेच उजवे निघाले.

माजी ताई

दोन्ही खरे आहे, पण पेरीमध्ये एका शिक्षिकेमागे जेमतेम सहा मुले होती, वर्ग रोज अडीच तासांचा होता आणि शिक्षिका दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जात असत. शिवाय ती अत्यंत गरीब घरांतील मुले होती. तसे आपल्या आसपास कुठे चालते? त्या आकड्यांचे तोरण दारावर लावणाऱ्या शाळांनी आधी एक तरी घरभेट करून दाखवावी.

शंकेखोर

माजी ताईंचा ‘काटेकोर’ हा मुद्दा मान्य. मी पाटीची बाजू घेत नव्हतो, पण माझे लिहिणे तसे वाचले जाऊ शकते, हे आता लक्षात आले. मात्र धागाकर्तींनी माझ्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर दिलेले नाही. आपण गेलात सकाळी, ठरलेल्या वेळी. त्या शाळेचा शेवटचा अर्धा तास पाहिलात का? मुले दमलेली असतात, मोठी माणसे त्याहून दमलेली असतात, निम्म्या जणी घरी गेलेल्या असतात. शाळेचा खरा तळ तेव्हा दिसतो. आपली मुलगी किती वाजेपर्यंत तिथे असणार आहे?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

सहा वाजेपर्यंत. म्हणून शंकेखोर यांचा प्रतिसाद वाचून काल साडेपाचला पुन्हा गेले. आधी न कळवता गेले, हे थोडे अवघडून टाकणारे होते, पण त्यांनी आत घेतले.

बक्कलवाल्या ताई दोन वाजताच घरी जातात. त्या शाळेत सात वर्षे आहेत, हे मी आधी विचारले होते. किती वाजेपर्यंत असतात, हे विचारायचे मला सुचले नव्हते. दुपारनंतर राहणारी अकरा मुले होती आणि त्यांच्याबरोबर एकच मावशी. मावशींविषयी मला एक शब्दही वाईट म्हणायचा नाही. एक मूल त्यांच्या मांडीवर झोपले होते आणि दुसऱ्याचे नाक पुसताना त्या पहिल्याला हलू देत नव्हत्या. पण उरलेली नऊ मुले टीव्हीसमोर बसली होती. टीव्ही केव्हापासून चालू आहे, असे विचारल्यावर मावशींनी प्रामाणिकपणे चार वाजल्यापासून असे सांगितले. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिवसभरात मिळून एक तासाची मर्यादा सुचवली आहे. दारात सँडल ओळीने लावलेल्या होत्या आणि मुलांना न्यायला आलेले पालक त्या स्वतःच घाईघाईने चढवून देत होते. माझ्यावर वेळ आली असती तर मीही तेच केले असते.

त्यामुळे माझे मूळ मत अर्धेच टिकले आहे. माणूस महत्त्वाचे, हे मी अजूनही म्हणेन, पण दिवसाच्या कोणत्या भागातले माणूस, हे माझ्या चौदा रकान्यांतही नव्हते आणि तक्ता मिटल्यावरही माझ्या लक्षात आले नाही. उंबरठा यांनी काढलेला तासांचा प्रश्न मला आधी टोमण्यासारखा वाटला होता, तो शब्द मागे घेते. आता आम्ही शाळा बदलण्याऐवजी वेळ बदलता येते का ते पाहत आहोत. नवऱ्याने कार्यालयात सकाळी लवकर जाऊन दोनला निघण्याची परवानगी मागितली आहे, आठवड्यातून तीन दिवस तरी. उरलेल्या दोन दिवसांचे काय करायचे ते ठरलेले नाही. उत्तर सोमवारी मिळेल, तोवर अर्ज तसाच कोरा ठेवला आहे.