केदार-बद्रीसाठी डफल बॅगा : कुटुंबाच्या गटावरील चर्चा

मोठे काका (अण्णा) : जूनच्या पहिल्या आठवड्यातील प्रवासाची तिकिटे निश्चित झाली आहेत. जाताना लोकमान्य टिळक टर्मिनसवरून हरिद्वारपर्यंत एसी थ्री टायर, तेथून पुढे टेम्पो ट्रॅव्हलर आणि परतताना डेहराडूनहून विमान असा क्रम राहील. टेम्पो ट्रॅव्हलरच्या टपावर कडक सुटकेस नीट बसत नाहीत, म्हणून सर्वांनी कापडी डफल बॅगाच (लांबट, मऊ बॅगा) आणाव्यात. प्रत्येक कुटुंबाने ९० लिटरची एकच मोठी बॅग घेतली, तर नग कमी होतील आणि गाडी बदलताना मोजणीही सोपी जाईल, असे मला वाटते.

वहिनी : काका, कापडी बॅगांचा निर्णय अगदी योग्य आहे, पण ९० लिटरच्या एकाच बॅगेबद्दल मला शंका आहे. काठोकाठ भरलेली अशी बॅग वीस किलोंच्या आसपास सहज जाते. रेल्वेत त्याने काही बिघडत नाही, कारण एसी थ्री टायरमध्ये प्रत्येकी ४० किलोंपर्यंत सामान विनाशुल्क नेता येते. परंतु परतीच्या विमानाच्या तिकिटावर प्रत्येकी १५ किलो सामान आणि हातातील ७ किलोंची एक बॅग एवढीच मुभा आहे. शिवाय वीस किलोंची बॅग टपावर चढवायला दोन माणसे लागतात आणि आपल्याकडे ती दोन माणसे दर वेळी घरातल्यांपैकीच कोणीतरी असणार. त्यापेक्षा दोघांमागे ५० ते ५५ लिटरची एक बॅग घ्यावी, म्हणजे ती भरली तरी एकट्या माणसाला उचलता येईल. लिटरचा हिशेब घरीही करता येतो : लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा व त्याला हजाराने भागावे. ६० बाय ३० बाय ३० ची बॅग ५४ लिटरची भरते.

आत्या : अण्णा, माझ्या पाठीचा विचार करा आणि चाकांची बॅग घ्या. फलाटावर ओझे खांद्यावर घेऊन चालणे आता मला जमायचे नाही.

वहिनी : आत्या, फलाटावर आणि विमानतळावर चाके खरोखरच उपयोगाची आहेत. मात्र चाके, दांडा आणि तळाची फळी यांमुळे बॅग रिकामी असतानाच दोन-तीन किलोंची होते आणि ते वजन पंधरा किलोंतूनच वजा होते. बद्रीनाथच्या चढ-उताराच्या गल्ल्यांत आणि पायऱ्यांवर चाके फिरत नाहीत, तेथे ती बॅग उचलावीच लागते. म्हणून तुमच्यासाठी एक चाकांची आणि बाकी सर्व साध्या, असे करू या. साध्या बॅगा आम्ही उचलू.

दादा : कापडाबद्दल थोडे सांगतो. दुकानदार ‘६०० डेनियर’ असे अभिमानाने सांगतो. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर, त्यामुळे आकडा वाढला की धागा जाड होतो एवढेच त्यावरून कळते. शिवणीची हमी त्यातून मिळत नाही आणि बॅग फाटते ती बहुधा शिवणीतच. मी दुकानात सर्वप्रथम बॅग उलटी करून पाहतो. हातात धरायचा पट्टा बॅगेच्या तळाखालून सलग गेलेला असेल तर सगळा भार तळ पेलतो. तो केवळ वरच्या कडेला चार टाक्यांनी शिवलेला असेल, तर ती बॅग कितीही देखणी असली तरी मी खाली ठेवतो. चेन रुंद दातांची असावी आणि कोपऱ्यांवर न अडकता फिरावी. बॅग दाबून भरल्यावर चेन ओढून पाहिली पाहिजे, कारण रिकाम्या बॅगेची चेन कोणतीही चांगलीच चालते.

मोठे काका : डोंगरात जूनमध्येही पाऊस येतो. ‘वॉटरप्रूफ’ असे लिहिलेली बॅग घेतली म्हणजे ताडपत्रीची गरज उरणार नाही ना?

दादा : उरेल, काका. कापडाला आतून लेप असला तरी पाणी टाक्यांच्या भोकांतून आणि चेनमधून आत शिरते. टपावर ताडपत्री हवीच, आणि बॅगेत कपडे भरण्यापूर्वी एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी पसरावी. हा लेप आपल्या दमट हवेत वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहिला की चिकट होऊन सुटू लागतो, म्हणून जुन्या बॅगा आणणाऱ्यांनी आतून हात फिरवून पाहावे.

वहिनी : केदारनाथचा विचार वेगळा करावा लागेल. आपली गाडी सोनप्रयागला थांबेल, तेथून स्थानिक जीपने गौरीकुंड आणि पुढे सुमारे १६ किलोमीटरची चढण आहे. मंदिर ३,५०० मीटरपेक्षा उंचावर असल्याने रात्री चांगलीच थंडी असते. एका मुक्कामाचे लोकरी कपडे, रेनकोट आणि औषधे एवढेच वर न्यायचे आहे. त्यासाठी डफल बॅग कामाची नाही, कारण एका खांद्यावरचा पट्टा तासाभरात खांदा कापू लागतो. प्रत्येकाने दोन्ही खांद्यांवर घेण्याची वीस-पंचवीस लिटरची सॅक आणावी, म्हणजे मोठ्या बॅगा खाली हॉटेलातच ठेवता येतील. परतीला हीच सॅक विमानात हातात राहील. पॉवर बँक तिच्यातच ठेवावी, कारण चेक-इनच्या सामानात ती चालत नाही.

आत्या : मग लाडवांचा डबा कोणत्या बॅगेत ठेवायचा?

वहिनी : हरिद्वारपर्यंत तो आपल्या हातातच राहील, आत्या. पुढे शिल्लक राहिला तर पाहू.

मोठे काका : मुद्दे पटले. ९० लिटरचा आग्रह मी सोडतो. दोघांमागे ५० ते ५५ लिटरची एक साधी डफल, आत्यासाठी चाकांची एक आणि प्रत्येकाची स्वतंत्र सॅक असे ठरले. रेल्वेत बर्थखाली बॅगा बांधण्यासाठी साखळी आणि कुलूप मी आणतो. रविवारी सर्वांनी आपापली बॅग दहा किलोंची तांदळाची पिशवी घालून उचलून पाहावी आणि जी पेलत नसेल ती बदलून घ्यावी. काळा रंग मात्र कोणीही घेऊ नये. विमानतळाच्या पट्ट्यावर सगळ्या जगाच्या बॅगा काळ्याच असतात.