जुन्या डेस्कटॉपवरचा ४३० जीबी डेटा नव्या लॅपटॉपवर: शेअर केलेला ड्राइव्ह उघडत नाही, वेगही नाही

शेवगा

डेस्कटॉप: विंडोज १० प्रो, १ टीबीची साधी हार्डडिस्क, मागे लॅन पोर्ट (नेटवर्क केबल लावायची जागा) आहे, सध्या यूएसबी डोंगलने वायफायवर. लॅपटॉप: विंडोज ११ होम, लॅन पोर्ट नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून डेस्कटॉप इंटरनेटवरून काढून टाकायचा आहे. त्याआधी डी ड्राइव्हवरचं सगळं हलवायचंय: फोटो, व्हिडिओ, सोसायटीचे हिशेब आणि मराठीत टाइप केलेली बरीच जुनी पत्रं.

डी ड्राइव्ह शेअर केला. लॅपटॉपवर नाव-पासवर्ड विचारतो, पण डेस्कटॉपचा पिन घेत नाही. थोडा वेळ पासवर्डशिवाय शेअरिंग चालू करून पाहिलं, तर वेग सेकंदाला ५ एमबीच्या वर जात नाही. पेनड्राइव्हवर ३२ जीबी मोकळे असूनही ६ जीबीची व्हिडिओ फाइल 'फार मोठी आहे' म्हणून नाकारली जाते. सरळ मार्ग कोणता?

तांब्याची तार

पिन चालणारच नाही. तो त्या एका मशीनसमोर बसून लॉगिन करण्यापुरता असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पासवर्डची झटापट करण्यापेक्षा डेस्कटॉपवर फक्त या कामासाठी एक लोकल यूजर काढा. सेटिंग्ज, अकाउंट्स, फॅमिली अँड अदर यूजर्स, 'अ‍ॅड समवन एल्स टू धिस पीसी'. तिथे ईमेल मागतो, तेव्हा 'माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही' आणि पुढच्या पानावर 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय' हे पर्याय घ्या. नाव इंग्रजीत, एकच शब्द. पासवर्ड रिकामा ठेवू नका. रिकामा पासवर्ड असलेलं लोकल खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

मग डी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स. 'एव्हरीवन' काढा, नवा यूजर घाला, फक्त 'रीड'. आता सिक्युरिटी टॅबमध्येही त्याच यूजरला 'रीड' द्या. इथे बरेच जण अडकतात: दोन्हीकडच्या परवानग्या तपासल्या जातात आणि त्यातली जी कडक तीच लागू होते. 'रीड'च का, तर लॅपटॉपवरून चुकून काही डिलीट झालं तरी मूळ डेटाला धक्का लागत नाही. कट-पेस्ट तर करूच नका. कॉपी करा, तपासा, मग जुनं पुसा.

पासवर्डशिवायचं शेअरिंग लगेच बंद करा. कुठल्याही जुन्या लेखात हाच उपाय दिसेल, पण विंडोज ११ प्रोच्या २४एच२ पासून (२०२४ च्या उत्तरार्धातली आवृत्ती) पाहुणा म्हणून केलेलं लॉगिन मुळातच नाकारलं जातं. तुमचं होम आहे म्हणून चाललं.

लॅपटॉपवर विंडोज आणि आर दाबून दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे डेस्कटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाका. यूजर विचारला की आधी डेस्कटॉपचं नाव, एक उलटी रेघ, मग नव्या यूजरचं नाव. आधीचं चुकीचं लॉगिन लॅपटॉपने जपून ठेवलेलं असू शकतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोज जपलेली लॉगिन जिथे ठेवतं तिथून) ती नोंद काढा आणि लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा.

आता वेग. दोन्ही मशीन वायफायवर असली की प्रत्येक फाइल आधी राउटरकडे जाते आणि त्याच चॅनेलवरून परत येते, म्हणजे हवेतला वेळ दुप्पट. ५ एमबीने ४३० जीबीला पूर्ण दिवस लागेल. गिगाबिट (१००० एमबीपीएस) केबलवर सेकंदाला ११० एमबीपर्यंत मिळतात, म्हणजे तास-सव्वा तास. प्रत्यक्षात जुनी हार्डडिस्क आणि बारीक फाइली याहून थोडं मागे खेचतील.

लॅपटॉपसाठी यूएसबी ३.० चा गिगाबिट लॅन अ‍ॅडॅप्टर घ्या. पाकिटावर '१०/१००/१०००' लिहिलेलं बघून घ्या. दुकानात स्वस्त म्हणून पुढे केला जातो तो बहुधा १०० एमबीपीएसचा असतो, त्यावर ११ एमबीच्या पुढे जाता येत नाही. कॅट ५ई केबल पुरते. राउटर मध्ये नको असेल तर केबल थेट दोन्ही मशीनमध्ये लावा. गिगाबिट पोर्टना क्रॉसओव्हर (आतल्या तारा उलटसुलट जोडलेली) केबल लागत नाही. थेट जोडल्यावर आयपी हाताने द्या: डेस्कटॉपला १९२.१६८.५०.१, लॅपटॉपला १९२.१६८.५०.२, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. राउटरची आयपी रांग वापरलीत तर विंडोज वायफायनेच जाण्याची शक्यता राहते. आणि अशा जोडणीला विंडोज 'अनोळखी नेटवर्क' समजून पब्लिक प्रोफाइल लावतं, त्यात फायरवॉल शेअरिंग अडवते. डेस्कटॉपवर ते प्रायव्हेट करा.

लिंक स्पीड १०० दाखवत असेल तर आधी केबलवर संशय घ्या. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच. एखादी तार तुटली की केबल 'चालू' दिसते, पण वेग उतरतो.

पाटा-वरवंटा

पेनड्राइव्हचं कारण सोपं आहे. तो एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जाईल). पण ४३० जीबी पेनड्राइव्हने नेण्यात अर्थ नाही.

एकदाच हलवायचं आहे, मग एवढा नेटवर्कचा खटाटोप कशाला? यूएसबी ३.० ची बाहेरची हार्डडिस्क घ्या, मागच्या निळ्या पोर्टला लावा. पुढचं काळं पोर्ट बहुधा २.० असतं, तिथे ३०-४० एमबीच मिळतील. कॉपी दोनदा होते हे खरं, पण शेवटी हातात एक बॅकअप उरतो.

एक धोक्याची गोष्ट: दोन्ही टोकांना चपटं यूएसबी असलेली साधी केबल दोन कॉम्प्युटरमध्ये जोडू नका. दोन्ही बाजू ५ व्होल्ट देतात, पोर्ट जळू शकतं. त्यासाठी मध्ये चिप असलेली वेगळी केबल मिळते.

तांब्याची तार

बॅकअपचा मुद्दा मान्य. डिस्क घेणारच असाल तर तीच पद्धत वापरा.

काजूबी

डेस्कटॉपची डिस्क बाहेर काढूनही लावता येते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून साटा-यूएसबी अ‍ॅडॅप्टर वेगळ्या पॉवरचाच घ्या. प्रो असल्यामुळे बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते आधी बघा. असेल तर दुसऱ्या मशीनवर ड्राइव्हचा पासवर्ड किंवा ४८ आकडी रिकव्हरी की लागते.

पण मला जास्त काळजी जुन्या मराठी पत्रांची वाटते. ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेल्या) फॉन्टमध्ये असतील तर फाइली नीट येतील आणि उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्टही कॉपी करून लॅपटॉपवर बसवा. फॉन्ट्स सी ड्राइव्हवर आहेत, डी हलवताना ते मागेच राहतात. डेस्कटॉपवर दोन-चार पत्रं छापून किंवा पीडीएफ करून ठेवा, म्हणजे लॅपटॉपवर ताडून बघता येईल.

शेवगा

अ‍ॅडॅप्टर आणून थेट केबल लावली. नव्या यूजरने लॉगिन झालं. हजारो बारीक फाइली आहेत, एक्सप्लोररनेच ओढू का?

तांब्याची तार

नको. मध्येच एका फाइलवर अडला की कुठवर आलं होतं ते शोधत बसाल. कमांड प्रॉम्प्टमधून रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपी करायची कमांड) चालवा: आधी मूळ जागा, मग लॅपटॉपवरचं नवं फोल्डर, पुढे प्रत्येकी तिरकी रेघ लावून ई, आर:१, डब्ल्यू:१, एमटी:१६ (सगळं इंग्रजी अक्षरांत). आर आणि डब्ल्यू द्याच, कारण न दिल्यास न उघडणाऱ्या एका फाइलसाठी तो दहा लाख वेळा, दर ३० सेकंदांनी प्रयत्न करतो. एमटी म्हणजे एकाच वेळी किती फाइली. बारीक फाइलींना याचाच फायदा. लॉग हवा असेल तर 'लॉग'ऐवजी 'युनिलॉग' वापरा, म्हणजे देवनागरी नावं नीट दिसतात. एमआयआर मात्र देऊ नका, लक्ष्य फोल्डरमधलं जे मूळ जागी नाही ते तो पुसून टाकतो.

केबल सुटली तर तीच कमांड परत चालवा. आकार आणि वेळ जुळणाऱ्या फाइली तो सोडून देतो.

शेवगा

झालं, शेवटच्या तक्त्यात 'फेल्ड'खाली शून्य. पण लॅपटॉपवर ते फोल्डर दिसतच नाही! डिस्कवरची जागा मात्र भरलेली आहे.

काजूबी

सगळा डी ड्राइव्ह शेअर केल्याचा परिणाम. ड्राइव्हच्या मुळाला 'हिडन' आणि 'सिस्टिम' हे गुणधर्म असतात, रोबोकॉपी तेही नव्या फोल्डरला चिकटवतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये अ‍ॅट्रिब, वजा एस, वजा एच आणि फोल्डरचा पाथ. दोन्ही एकाच ओळीत द्या, नुसतं वजा एच दिलं तर सिस्टिम फाइल म्हणून नकार देतो.