पेशी एकमेकींना आणि आधारद्रव्याला कशा चिकटतात : अभ्यासाची सुरुवात कुठून करावी?

पार्लेकर_विद्यार्थिनी
नमस्कार. मी मुंबईत एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. कॅडहेरिन, इंटिग्रिन (पेशी चिकटवणारी प्रथिने), डेस्मोसोम (दोन पेशींमधला जोड) ही नावे कितीही पाठ केली तरी कोण कोणाला धरते याचा दुसऱ्या दिवशी गोंधळ होतो. त्यातच गेल्या आठवड्यात एमसीएफ-७ पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या स्तनकर्करोगाच्या पेशी) फ्लास्कमधून सोडवताना मी जुने माध्यम (पेशींचा पोषक द्रव) ओतून टाकले, पण फ्लास्क न धुताच ट्रिप्सिन-ईडीटीए (प्रथिने तोडणारे विकर आणि कॅल्शियमसारखे आयन पकडणारे रसायन) घातले. दहा मिनिटांनंतरही पेशी तळाला तशाच होत्या आणि फ्लास्कवर टिचक्या मारल्यावर सुटल्या त्याही पापुद्र्यासारख्या तुकड्यांनी. असे का झाले, हे उमगेल अशा क्रमाने काय वाचावे, ते कृपया सुचवावे.

ट्रॉम्बेकर
तुमचा फ्लास्क हीच उत्तम सुरुवात आहे, म्हणून नावांची यादी तूर्त बाजूला ठेवा. माध्यमातल्या सीरममध्ये (रक्तातल्या द्रवभागात) ट्रिप्सिनला निष्प्रभ करणारी प्रथिने असतात आणि माध्यमात कॅल्शियमही भरपूर असते. न धुतल्यामुळे ती प्रथिने ट्रिप्सिनला अडवत राहिली आणि ईडीटीए त्या उरलेल्या कॅल्शियमवरच खर्च झाले. कॅडहेरिनच्या पेशीबाहेरील भागात एकामागोमाग पाच खंड असतात. त्यांच्या सांध्यांत कॅल्शियम बसले की तो भाग ताठ राहतो आणि शेजारच्या पेशीवरील कॅडहेरिनला धरू शकतो. कॅल्शियम काढून घेतले की तो लुळा पडतो आणि ट्रिप्सिनलाही सहज बळी पडतो. तुमच्या फ्लास्कमध्ये मात्र कॅल्शियम उरलेच होते, म्हणूनच तुमच्या पेशी तळापासून सुटल्या तरी एकमेकींपासून सुटल्या नाहीत.

वाचायचे झाल्यास प्रथम जपानी जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांचा 1977 चा शोधनिबंध घ्या, कारण कॅल्शियमवर अवलंबून असलेली आणि नसलेली अशा चिकटण्याच्या दोन वेगळ्या रीती त्यात प्रयोगाने दाखवल्या आहेत. मग 1984 मधले आर्जिनीन-ग्लायसीन-ॲस्पार्टिक आम्ल या त्रिकुटाचे काम वाचा. आधारद्रव्यातल्या (पेशींबाहेरील जाळ्यातल्या) फायब्रोनेक्टिनसारख्या अवाढव्य प्रथिनातला एवढासा तीन अमिनो आम्लांचा तुकडा पेशीला पकडायला पुरतो, हे वाचून मी त्या दिवशी दुसरे काहीच केले नव्हते. त्या तुकड्याला धरणारे पेशीवरील ग्राहक म्हणजेच इंटिग्रिन.

प्रत्येक जोडाला दोनच प्रश्न विचारा : बाहेर कोणाला धरले आणि आत कशाला बांधले? कॅडहेरिनचा साधा जोड शेजारणीला धरतो आणि आत ॲक्टिनला (पेशीच्या सांगाड्यातल्या तंतूंना) बांधलेला असतो. डेस्मोसोमही शेजारणीलाच धरतो, पण आत केरॅटिनला (त्याच सांगाड्यातल्या दुसऱ्या प्रकारच्या तंतूंना). इंटिग्रिन बहुधा आधारद्रव्याला धरतात आणि आत ॲक्टिनला जोडलेले असतात. हेमिडेस्मोसोम, म्हणजे पेशीला तळाशी बांधणारा जोड, यातले इंटिग्रिन मात्र केरॅटिनला.

त्वचारोग_परळ
वरील उत्तराला एक जोड देते. शेजारणीशी आणि तळाशी असलेले हे दोन बंध वेगवेगळे आहेत, हे आम्हाला रुग्णाच्या त्वचेवर उघड दिसते. पेम्फिगस व्हल्गॅरिस या फोडांच्या त्वचारोगात शरीराची प्रतिपिंडे डेस्मोसोममधल्या डेस्मोग्लीन या प्रथिनावर हल्ला करतात; पेशी एकमेकींपासून सुटतात, फोड बाह्यत्वचेच्या आतच येतो आणि त्याचे छत पातळ असल्याने तो लिबलिबीत असतो व लगेच फुटतो. बुलस पेम्फिगॉइड या दुसऱ्या त्वचारोगात हल्ला हेमिडेस्मोसोमवर होतो, सबंध बाह्यत्वचाच तळापासून उचलली जाते आणि फोड टणक राहतो. शक्य असल्यास एखाद्या विकृतिशास्त्र विभागात पेम्फिगसची काचपट्टी जरूर पाहा : तळच्या थरातल्या पेशी शेजारणी गमावूनही आधारपटलाला (बाह्यत्वचेखालच्या पातळ थराला) घट्ट धरून ओळीने उभ्या असतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेत की डेस्मोसोम आणि हेमिडेस्मोसोम यांत पुन्हा गोंधळ होणार नाही.

पार्लेकर_विद्यार्थिनी
दोघांचेही मनापासून आभार. आता दोन फ्लास्क धुऊन घेईन आणि एकात ट्रिप्सिन-ईडीटीए, तर दुसऱ्यात केवळ ईडीटीए घालून पाहीन. दुसऱ्यात फक्त शेजारणींचे बंध तुटावेत, हा अंदाज बरोबर आहे का?

ट्रॉम्बेकर
पूर्णपणे नाही. इंटिग्रिनलाही मॅग्नेशियमसारखे द्विसंयुजी आयन लागतात आणि ईडीटीए तेही पकडते, त्यामुळे तळाचा बंधही सैल होईल. दर मिनिटाला सूक्ष्मदर्शकाखाली बघा आणि पेशींमधल्या फटी आधी दिसतात की कडा गोल होऊन तळ आधी सुटतो, ते वेळेसह वहीत लिहून ठेवा.