क्योतो : फुशिमी इनारी देवळासाठी अर्धा दिवस, सल्ला हवा

पायवाट_११
नोव्हेंबरात क्योतोला चाललो आहोत. बरोबर आई (वय ६८, गुडघे जेमतेम). फुशिमी इनारीला कसं जायचं, किती चढायचं, दर्शनाची रीत काय? आम्ही शाकाहारी.

ओनिगिरी
क्योतो स्टेशनवरून जेआर (जपान रेल्वे) नारा लाइन, दुसरं स्टेशन इनारी, पाचेक मिनिटं. गाडी 'लोकल'च हवी. मियाकोजी रॅपिड ही जलद गाडी इनारीला थांबत नाही. घाईत लोक तीच पकडतात आणि पुढे जाऊन परत येतात. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच पहिली तोरी, म्हणजे देवळाची कमान. प्रवेश फुकट, चोवीस तास. सकाळी सातच्या आत पोचा. दहानंतर कमानींमध्ये फक्त डोकी दिसतात.

घाटवाट
डोंगर २३३ मीटर, पूर्ण फेरी दोन-तीन तास, आणि जवळपास सगळ्या पायऱ्या. आईंना ओकुशापर्यंतच (वाटेतलं आतलं पूजास्थान) न्या. सेनबोन तोरीची (हजार कमानींची) दाट रांग तिथवर येऊन जाते, चढ सौम्य आहे. तिथे ओमोकारु-इशी आहे : इच्छा मनात धरून दगडी दिव्यावरचा गोटा उचलायचा, वाटला त्याहून हलका लागला तर इच्छा पुरी होणार म्हणतात. पाठदुखी असेल तर नवस राहू द्या!
तुम्ही एकटे योत्सुत्सुजीपर्यंत (वरचा चौक) जाऊन या, शहर तिथूनच दिसतं. माथ्यावर झाडीच आहे, तिथे दृश्य शोधू नका.
फोटोसाठी : कमानी देणाऱ्या दात्यांची नावं आणि तारखा कमानींच्या मागच्या बाजूला असतात. चढताना कोऱ्या शेंदरी दिसतात, उतरताना अक्षरांनी भरलेल्या.

ओनिगिरी
रीत राहिली. चपला काढायच्या नाहीत, नारळ-हारही नाही. हात धुण्याच्या जागी पळी असेल तर आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीतल्या पाण्याने चूळ. पळी तोंडाला लावायची नाही आणि चूळ कुंडात टाकायची नाही. पेटीत नाणं टाका (५ येनचं चांगलं, 'गो-एन' म्हणजे ५ येन आणि ऋणानुबंधही), दोनदा वाका, दोन टाळ्या, एकदा वाका. आणि कोल्हा हा देव नव्हे, इनारी देवाचा दूत. आपल्याकडे गणपतीचा उंदीर तसं काहीसं.

पायवाट_११
आभार! खाण्याचं?

घाटवाट
इनारीझुशी म्हणजे तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात. दिसायला शाकाहारी, पण तोफू बहुधा माशाच्या दाशीत (अर्कात) शिजवलेला असतो. कित्सुने उदोनच्या (तळलेला तोफू घातलेल्या जाड नूडल्स) रश्श्याचंही तेच. विचारल्याशिवाय घेऊ नका. 'मांस नाही' एवढंच सांगितलंत तर मासा येईलच. 'दाशी नको' हे वेगळं सांगा. आईंसाठी डबा क्योतो स्टेशनवरूनच घ्या, आणि पाणीसुद्धा, कारण डोंगरावर जसजसं चढाल तसतशी यंत्रातली बाटली महागते.