सर्जरीची शाखा कशाच्या आधारे निवडावी?

प्रश्न
मी वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात आहे. सर्जन व्हायचे एवढे ठरले असले, तरी अस्थिरोग, मूत्रविकार आणि मेंदूची शस्त्रक्रिया या तीन शाखांमध्ये मन अडकले आहे. ज्या विभागातले पोस्टिंग चांगले झाले तोच मला सर्वाधिक आवडतो, त्यामुळे ही आवड विषयाची आहे की तिथल्या शिक्षकांची, हे कळेनासे झाले आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सल्ला द्यावा.

पहिला प्रतिसाद
तुमची शंका रास्त आहे. शिकवण्याची हौस असलेले सर भेटले आणि चार टाके घालायला मिळाले की ती शाखा आपली वाटू लागते. उलट, तासन्‌तास रिट्रॅक्टर (जखम उघडी धरण्याचे हत्यार) धरूनही बोलणीच खावी लागली, तर उत्तम विषयही कायमचा नकोसा होतो. म्हणून त्याच शाखेचे दुसरे युनिट, जमल्यास दुसऱ्या रुग्णालयातले, पाहून यावे. तिथेही उत्सुकता टिकली, तर ती विषयाची समजण्यास हरकत नाही.

दुसरे म्हणजे, ऑपरेशन थिएटरइतकाच वेळ ओपीडीत आणि वॉर्डात काढावा, कारण विद्यार्थी ऑपरेशन पाहून भारावतो, पण सर्जनचा बराचसा दिवस त्याबाहेरच जातो. मूत्रविकारात दुर्बिणीतून होणारे काम पुष्कळ असते आणि मुतखड्याचे रुग्ण पुन्हा पुन्हा येतात. अस्थिरोगात हाड जुळून आले की बहुतेकांचा निरोप घेता येतो. मेंदूच्या बाबतीत मात्र ऑपरेशन तांत्रिकदृष्ट्या निर्दोष झाले, तरी रुग्ण पूर्ववत होईलच असे नसते, आणि ते नातेवाइकांना समजावून सांगण्याचे काम सर्जनलाच करावे लागते. हे शेवटचे काम तुम्हाला पेलेल का, याचा विचार आधी करा. हाताचे कौशल्य सरावाने येते, त्याची एवढी चिंता नको.

दुसरा प्रतिसाद
सहमत. मात्र एखाद्या विशिष्ट ऑपरेशनच्या मोहात पडून शाखा घेऊ नये. जठराच्या अल्सरची नियोजित ऑपरेशने एके काळी जनरल सर्जनच्या यादीत नेहमीचीच असत. आम्ल कमी करणारी औषधे आली, १९८२ मध्ये अल्सरला कारणीभूत ठरणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा शोध लागला, आणि ती ऑपरेशने विरळ झाली. १९७७ मध्ये हृदयाची पहिली अँजिओप्लास्टी (अरुंद झालेली रक्तवाहिनी छाती न उघडता फुग्याने रुंद करणे) झाल्यानंतर बायपासकडे जाणारे कितीतरी रुग्ण हळूहळू हृदयरोगतज्ज्ञांकडे वळले. अवयव आणि आजार आवडायला हवेत; तंत्र बदलत राहणार.

तिसरा प्रतिसाद
रात्रीच्या कॉलविषयी विभागप्रमुखांना नव्हे, तिथल्या रेसिडेंटना (निवासी डॉक्टरांना) विचारा. अस्थिरोगाला ताकद लागते, ही मुलींची शाखा नव्हे, असे मलाही ऐकवले गेले होते. प्रत्यक्षात टेबलाची योग्य उंची, बरोबर तंत्र आणि विजेवर चालणारी उपकरणे यांनी बरेचसे भागते. अशा शेऱ्यांमुळे शाखा सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून लिहिले.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. मेंदूच्या विभागात मी केवळ थिएटर पाहिले, ओपीडीत एकदाही बसलो नाही, हे आता लक्षात आले. पुढच्या ऐच्छिक पोस्टिंगमध्ये तिथली ओपीडीच मागून घेतो.