एकाच तलावात कटला, रोहू आणि मृगळ : अन्नाची वाटणी कशी होते?

प्रश्न
आमची मच्छीमार सहकारी संस्था गावतलावात दरवर्षी कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, सोडते. यंदा चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासेही सोडावेत, असा काही सभासदांचा आग्रह आहे. पाणी तेवढेच असताना पाच जाती एकमेकींच्या तोंडचा घास न काढता वाढू शकतील का?

उत्तर १
पहिल्या तिघांची वाटणी त्यांच्या तोंडाच्या घडणीतच दिसते. वर वळलेल्या तोंडाचा कटला पृष्ठभागाजवळ राहून प्राणिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कल्ल्यांतील चाळणीने गाळून खातो; रोहू मधल्या थरात फिरतो आणि झालरदार ओठांनी दगडांवरचे, बुडालेल्या फांद्यांवरचे शेवाळ खरवडतो; मृगळ तळाचा कुजलेला पालापाचोळा आणि गाळ खातो. मात्र ही वाटणी जन्मापासूनची नाही. पिल्ले असताना तिन्ही जाती प्राणिप्लवंगांवरच जगतात, त्यामुळे मत्स्यबीज दाट झाले की खरी ओढाताण संगोपन तळ्यातच सुरू होते. मोठ्या माशांच्या चिंतेत हा काळ दुर्लक्षिला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तर २
सायप्रिनस अन्नासाठी तळ उकरतो, म्हणून त्याची गाठ मृगळाशी पडते. शिवाय पाणी गढूळ होऊन प्रकाश आत कमी पोचतो. चंदेऱ्याबाबत गोविंदसागराचे उदाहरण पाहावे. भाक्रा धरणाच्या या जलाशयात १९७१ मध्ये पुराबरोबर मत्स्यशेतीतून सुटलेले चंदेरे शिरले, तेथेच विणू लागले, आणि जाळ्यात चंदेरा वाढत गेला तसतसा कटला घटत गेला. चंदेरा मुख्यतः वनस्पतिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ, खातो हे खरे, पण प्राणिप्लवंगांची उपजीविका त्या शेवाळावरच चालते आणि चंदेरा त्यांनाही गाळून घेतो. म्हणजे कटल्याचे ताट दोन्हीकडून रिकामे होते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आमच्या साचलेल्या पाण्यातही चंदेरा विणेल का?

उत्तर २
नाही. त्याला विणीसाठी वाहते पाणी लागते; गोविंदसागरात ते नदीमुळे मिळते, तुमच्या तलावात नाही. त्यामुळे तुम्ही सोडाल तेवढेच चंदेरे तलावात राहतील. ते सोडायचेच असतील, तर तेवढी कटल्याची बोटुकली कमी करावी आणि सांडव्याला बारीक जाळी लावावी. चिलापी (तिलापिया) या माशावर मात्र आत्तापासून लक्ष ठेवा. ती साचलेल्या पाण्यातही वर्षातून अनेकदा विणते.